नसलेल्या ऋतूची मिठाई

जपानमधल्या क्योटो शहरात ३० जून रोजी मिठाईच्या जवळजवळ प्रत्येक दुकानात मिनाझुकी हा पदार्थ दर्शनी मांडलेला असतो. तांदळाच्या पिठात साखर घालून वाफवलेली, किंचित अर्धपारदर्शक अशी पांढरी वडी, तिच्या माथ्यावर गोड शिजवलेल्या आझुकी या लालसर कडधान्याच्या दाण्यांचा दाट थर, आणि हे सारे त्रिकोणात कापलेले. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत अंगाला चिकटलेले दोष झाडून टाकण्याचा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मातला, विधी त्याच दिवशी होतो. देवस्थानाच्या अंगणात गवताचे माणसापेक्षा उंच कडे उभे केलेले असते, त्यातून डावीकडून, मग उजवीकडून आणि पुन्हा डावीकडून असे फेरे घेत पलीकडे जायचे, आणि घरी येऊन चहाबरोबर मिनाझुकी खायची. लाल आझुकीने अरिष्ट टळते ही तिकडची जुनी श्रद्धा आहे. खालचा पांढरा त्रिकोण मात्र बर्फाचा तुकडा आहे.

जूनअखेरीस क्योटोत बर्फ कुठला? तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या त्या शहरात तेव्हा पावसाळा चालू असतो आणि हवा इतकी दमट असते, की धुतलेला सदरा दोन दिवस दोरीवर राहतो. पूर्वी हिवाळ्यातला बर्फ डोंगरातल्या खोल खड्ड्यांत गवताखाली दडपून ठेवत आणि जुन्या पंचांगाच्या सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तो दरबारात नेत. सम्राट आणि त्याचे मानकरी तो खात. बाकीच्यांना बर्फ दिसण्याचीही सोय नव्हती, म्हणून त्यांनी तांदळाचा बर्फ केला, असे क्योटोची माणसे सांगतात आणि सांगताना त्यांच्या आवाजात दरबाराविषयी आदर व किंचित मिस्किलपणा दोन्ही असतात.

जपान समुद्राच्या बाजूला असलेल्या कानाझावा शहरात याच बर्फाची आणखी एक गोष्ट ऐकायला मिळते. कागा प्रांताचे माएदा घराणे उन्हाळ्यात एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, शोगुनकडे, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाकडे, बर्फ पाठवत असे. मधे डोंगर आणि शेकडो मैलांची वाट. तो न वितळता पोहोचावा म्हणून देवाला मांजू, म्हणजे सारण भरून वाफवलेले गोळे, वाहत, अशी परंपरा सांगतात, आणि त्याची आठवण म्हणून १ जुलैला कानाझावात अजून घरोघर हिमुरो मांजू खातात. पांढरे, गुलाबी आणि हिरवे असे हे मऊ फुगीर गोळे लेकीच्या सासरी पाठवण्याचीही चाल आहे. शोगुनच्या वाट्याला बर्फ आला आणि गावाच्या वाट्याला मांजू. चवीचाच विचार केला तर गाव फायद्यात राहिले असावे.

जपानी सणांच्या मिठाईत मला सर्वांत जास्त रस वाटतो तो याच गोष्टीचा. ती ज्याचे रूप घेते, ती वस्तू बहुधा समोर नसते. कधी ती आवाक्याबाहेरची असते, कधी तिचा मोसम अजून आलेला नसतो. नववर्षाची हानाबिरामोची घ्या. पांढऱ्या मऊ मोचीची, म्हणजे चिकट तांदळाच्या लगद्याची, चकती मधोमध दुमडलेली, तिच्यातून झिरपल्यासारखा दिसणारा गुलाबी रंग, आत गोड केलेली पांढरी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट चटणी, आणि दोन्ही टोकांनी बाहेर डोकावणारी पाकवलेली गोबो नावाच्या मुळाची काडी. मिठाईत कंदमूळ पाहून पहिल्यांदा कोणीही थबकेल. मूळ दरबारी विधीत दात बळकट राहोत, आयुष्य वाढो या इच्छेने नववर्षाला कठीण पदार्थ चावत असत आणि त्यांत दाबून ठेवलेला आयू मासाही असे. काळाच्या ओघात माशाची जागा गोबोने घेतली. उरासेन्के या चहासंप्रदायाच्या अकराव्या प्रमुखांनी मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दरबाराची परवानगी घेऊन ही मिठाई वर्षाच्या पहिल्या चहासमारंभात आणली आणि पुढे ती सर्वत्र पसरली. माशाच्या जागी मूळ ठेवून ते साखरेत पाकवण्याची कल्पना विचित्र खरी, पण गोबोचा मातकट वास आणि मिसोचा खारटपणा त्या गोडाला असा काही तोलून धरतो, की दुसरी हानाबिरामोची मागण्याचा मोह आवरावा लागतो.

मराठी जिभेला ही सारी मिठाई सुरुवातीला परकी वाटते, हेही मान्य केले पाहिजे. तुपाचा थेंब नाही, दूध क्वचितच, वेलची, जायफळ, केशर यांचा पत्ता नाही. आझुकी हे चवळी-मुगाच्या गोतातले लालसर कडधान्य. ते शिजवून, साखरेत घोटून केलेले आन हे बहुतेक पदार्थांच्या पोटात असते. कधी सालीसकट भरडसर, कधी साली गाळून रेशमासारखे मऊ. त्याशिवाय चिकट तांदूळ, पांढऱ्या घेवड्याचे सारण, समुद्रशेवाळापासून केलेले अगर, आणि उंची कामासाठी शिकोकू बेटावरची वासान्बोन साखर, जी जिभेवर ठेवताच विरघळते. एवढ्या थोड्या सामग्रीत वर्षभराचे सण बसवायचे असल्यामुळे कारागिराची सारी बुद्धी आकार, रंग आणि नावाकडे वळली असावी. क्योटोतली दुकाने आकारात फारसे सांगत नाहीत. चाळणीतून काढलेल्या सारणाच्या बारीक शेवया एका गोळ्याभोवती लावल्या, त्या फिक्या हिरव्या असल्या की वसंत, लाल-पिवळ्या असल्या की शरद, आणि उरलेले काम मिठाईच्या नावावर सोपवलेले. टोकियोकडे फूल म्हणजे पाकळ्या मोजता येतील असे फूल करण्याची आवड अधिक दिसते. मला क्योटोची रीत पटते, कारण तिथे खाणाऱ्यालाही थोडे काम उरते.

सणाची मिठाई आणि सणाचा ऋतू यांच्यात जे अंतर दिसते, त्यातले बरेचसे मात्र सरकारी आहे. जपानचे जुने पंचांग चंद्रावर चालत असे आणि आपल्यासारखाच त्यातही अधिक महिना येई. १८७२ सालच्या अखेरीस मेइजी सरकारने महिनाभराचीही पूर्वसूचना न देता ते पंचांग मोडीत काढले. बाराव्या महिन्याचे दोन दिवस उलटले आणि तिसऱ्या दिवशी १ जानेवारी १८७३ उजाडली. पाश्चात्त्य देशांशी मेळ घालणे हे एक कारण होतेच, पण पुढे पंतप्रधान झालेल्या ओकुमा शिगेनोबू यांनी दुसरेही सांगून ठेवले आहे. १८७३ सालात अधिक महिना येत होता, म्हणजे नोकरवर्गाला तेरा पगार द्यावे लागणार होते, आणि तिजोरीत खडखडाट होता. पंचांग बदलल्याने तेरावा पगार तर वाचलाच, शिवाय दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचाही वाचला. अर्थखात्याने ऋतुचक्रात इतका उघड हात घातल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

सणांनी आपले आकडे सोडले नाहीत. तिसऱ्या महिन्याची तृतीया होती ती ३ मार्च झाली, पाचव्याची पंचमी ५ मे झाली, आणि सारे सण साधारण महिनाभर अलीकडे सरकले. मुलींचा सण, हिनामात्सुरी, हा मुळात पीचच्या फुलांचा सण. पण ३ मार्चला जपानच्या बहुतेक भागात पीच फुललेला नसतो आणि फुलवाल्यांकडे ऊब देऊन अकाली उमलवलेल्या फांद्या विकत घ्याव्या लागतात. दरबारी पोशाखातल्या बाहुल्यांच्या मांडणीपुढे हिशीमोची ठेवतात, ती पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची आणि तीन थरांची असते. खाली हिरवा, मधे पांढरा, वर गुलाबी. याचा प्रचलित अर्थ असा, की बर्फाखाली कोवळे गवत फुटते आहे आणि वर पीच फुलला आहे. खिडकीबाहेर यांतले काहीच नसताना ते ताटात थर लावून ठेवलेले पाहणे मला नेहमीच गमतीचे वाटले. थंडीच्या दिवसांत, हीटरजवळ बसून, लोक वसंत ऋतू कापून खातात.

याच दिवसांत साकुरामोची येते, आणि तिच्यासाठी थोडे थांबायला हवे. टोकियोत सुमिदा नदीकाठी चोमेइजी देवळाजवळ तिचे मूळ दुकान आहे. १७१७ साली देवळाच्या राखणदाराने, झाडून झाडून कंटाळा आणणारी चेरीची पाने मिठात घालून ठेवली आणि मिठाईभोवती गुंडाळली, अशी दुकानाची परंपरा सांगते. शोगुन योशिमुने यांनी त्याच सुमारास नदीकाठी चेरीची झाडे लावून घेतली होती, तेव्हा फुले पाहायला येणारे गिऱ्हाईक आपोआप दाराशी आले. टोकियोची साकुरामोची म्हणजे गव्हाच्या पिठाच्या पातळ, तव्यावर भाजलेल्या घावनात गुंडाळलेले आन. ओसाका-क्योटोकडची म्हणजे वाफवून वाळवलेल्या चिकट तांदळाच्या कण्यांचा गुलाबी गोळा. दोन्हीकडची माणसे आपलीच खरी असे मानतात आणि दोन्ही पदार्थांना पान मात्र चेरीचेच लागते. त्यातही ओशिमा चेरीचे, कारण ते मऊ असते आणि त्याच्यावर लव कमी असते. इझू द्वीपकल्पातल्या मात्सुझाकी गावात उन्हाळ्यात ही पाने खुडून मोठमोठ्या पिंपांत मिठात दाबतात आणि महिनोन्‌महिने तशीच राहू देतात. झाडावरच्या ताज्या पानाला वास जवळजवळ नसतो. मिठात मुरल्यावर त्यात कूमारिन नावाचे द्रव्य मोकळे होते आणि मग तो वास येतो, ज्याला सारा जपान वसंताचा वास समजतो. वसंताचा तो वास, म्हणजे, आदल्या उन्हाळ्याचा असतो, आणि चेरीच्या फुलाचा त्यात काहीही भाग नसतो.

पान खावे की काढून ठेवावे, यावर तिथे दरवर्षी चर्चा होते आणि ती कधी संपत नाही. चोमेइजीच्या दुकानात एका मोचीला एकाहून अधिक पाने असतात आणि ती काढून खावी असे दुकानदारच सुचवतात. मी पानासकट खाणाऱ्यांच्या पक्षाचा. गोड आणि खारट एकाच घासात आले नाहीत, तर त्या पानाने इतके महिने पिंपात काढल्याचा उपयोग काय?

५ मेच्या काशिवामोचीचे पान मात्र कोणी खात नाही. तो दिवस मुलामुलींचा सण, पूर्वी फक्त मुलग्यांचा. काशिवा हा ओकच्या कुळातला वृक्ष, आणि नवे कोंब फुटेपर्यंत त्याची जुनी पाने फांदीला धरून राहतात, म्हणून घराण्याचा वंश तुटू नये या इच्छेने सामुराईंच्या एदोत ही मोची लोकप्रिय झाली. कोकणात हळदीच्या पानातली पातोळी खाणाऱ्याला इथे काही समजावून सांगावे लागत नाही: पान उकलून बाजूला ठेवायचे आणि त्याने मागे ठेवलेला वास तेवढा खायचा. पश्चिम जपानात काशिवाची झाडे थोडी, त्यामुळे तिकडे एका काटेरी वेलीची गोल पाने वापरतात, आणि क्योटोत त्या दिवशी बांबूच्या पानांत बांधलेली चिमाकी अधिक खपते. आज दुकानात दिसणारी काशिवाची बरीचशी पाने चीनमधून वाळवून आलेली असतात. जपानी वंशसातत्याचे प्रतीक आयात करावे लागते, याबद्दल कोणाला फारशी खंत असल्याचे दिसत नाही, आणि मिसो घातलेल्या पांढऱ्या सारणाची काशिवामोची हातात असताना मलाही ती वाटली नाही.

एक सण तेवढा सरकारला हलवता आला नाही. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र पाहायचा, तर तारीख कागदावर बदलून चंद्र बदलत नाही, म्हणून त्सुकिमी अजून जुन्याच पंचांगाने येते आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत मागेपुढे होते. बहुधा ती आपली भाद्रपद पौर्णिमा असते. २०२५ साली मात्र ६ ऑक्टोबरला तिकडे त्सुकिमी आणि इकडे कोजागरी एकाच रात्री आली. गवताचे तुरे फुलदाणीत ठेवून पुढे तांदळाच्या पिठाचे दांगो नावाचे गोळे रचतात. टोकियोकडे ते गोल, पांढरे, चंद्रासारखे असतात. क्योटोकडे ते लांबट असतात आणि त्यांना आझुकीचा पट्टा गुंडाळलेला असतो, कारण तिथे ते चंद्राचे रूप नसून नव्या हंगामातल्या अळकुडीचे असते. चंद्र समोर असताना त्याची नक्कल कशाला करायची, असा क्योटोच्या मिठाईवाल्याचा विचार असेल तर तो मला बिनतोड वाटतो.

मिठाईने ऋतूच्या थोडे पुढे असावे, मागे कधीही नसावे, असा तिकडचा अलिखित संकेत आहे. चेरी बाहेर पूर्ण बहरली, की जाणती दुकाने चेरीच्या आकाराच्या मिठाया मागे घेऊ लागतात, कारण खऱ्या फुलाशी स्पर्धा करणे अडाणीपणाचे. चोवीस तास उघड्या राहणाऱ्या दुकानांनी हा संकेत इतका मनावर घेतला आहे, की त्यांच्या फडताळात साकुरामोची जानेवारीतच दिसू लागते. सकाळी करून संध्याकाळपर्यंत खायची असा जिचा धर्म, ती मोची तिथे प्लास्टिकच्या डबीत दिवसचे दिवस मऊ राहते, आणि त्या मऊपणाविषयी मला जरा संशय आहे. आता खुद्द ऋतूच पुढे धावू लागला आहे. २०२१ साली क्योटोत चेरी २६ मार्चला पूर्ण फुलली. तिथल्या सुमारे बाराशे वर्षांच्या नोंदींत त्याआधी इतका लवकर बहर आलेला नव्हता. शरदाचे उलट होते आहे: ऑक्टोबरात दुकानात लाल मॅपलची पाने मांडली जातात आणि बाहेरची झाडे नोव्हेंबर बराच सरेपर्यंत पुरती रंगत नाहीत, त्यामुळे मिठाईवाल्यांना वसंतात ऋतूच्या पुढे राहण्यासाठी धावावे लागते, तर शरदात ऋतू येईपर्यंत तीच पाने पुनःपुन्हा करत बसावे लागते.