स्पर घालण्याआधी

आज रायडिंगच्या बॅचमध्ये पुन्हा तोच प्रश्न: "घोडा सुस्त आहे, स्पर लावू का?" नका लावू! स्पर म्हणजे बुटाच्या टाचेवर पट्ट्याने बांधायची, मागे छोटी दांडी असलेली धातूची पट्टी. तो वेगासाठी नसतोच, पायाचा इशारा नेमका पोचवण्यासाठी असतो. रिकिबीविना ट्रॉट (दुडकी चाल) करताना ज्याची पोटरी स्थिर राहते, त्यानेच स्पर घालावा. तोल गेला की नवखा स्वार टाचा आवळतो, स्पर बरगडीत रुततो आणि घोडा उधळतो. उधळला की स्वार आणखी आवळतो.

पहिली जोडी प्रिन्स ऑफ वेल्स प्रकारची घ्या. दांडी 10 ते 15 मिलिमीटर, टोक बोथट. पाय लांब असून टाच घोड्याच्या पोटाखाली लोंबत असेल तर जरा लांब दांडी लागते, नाहीतर स्वार टाच वर उचलत बसतो. दांडीचा बाक खालीच हवा. उलटा घातलेला स्पर सारखा टोचत राहतो. पट्ट्याचं बक्कल बाहेरच्या बाजूला.

क्रम मोडू नका. आधी पोटरीचा हलका दाब. उत्तर नाही, तर जरा ठाम दाब. तरीही नाही, तर पायाचा चवडा किंचित बाहेर वळवून तंगाच्या (खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याच्या) थोडं मागे क्षणभर स्पर्श, आणि घोड्याने ऐकलं की पाय लगेच सैल. त्या वेळी लगाम ओढून धरला असेल तर त्या बिचाऱ्याने जायचं कुठे?

शेपटी फटकारणं, कान मागे पाडणं म्हणजे जास्त होतंय. खोगीर उतरवल्यावर दोन्ही कुशींवरून हात फिरवा. केस घासलेले दिसले तर जखम होण्याची वाट न बघता स्पर काढून ठेवा.