ओळख पुसल्यानंतरचे सहजीवन

पत्नीच्या निधनानंतर भेटायला आलेल्या अनेकांनी, काहींनी आडवळणाने तर काहींनी सरळ, मला एकच प्रश्न विचारला. शेवटी शेवटी ती तुम्हाला ओळखतही नव्हती, मग तुम्ही केलेले तिच्यापर्यंत पोहोचले तरी का? विचारणाऱ्यांच्या मनात सहानुभूतीच होती. या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते नीट लिहून ठेवावे असे मला वाटते.

माझ्या पत्नीला अल्झायमर, म्हणजे स्मृती हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार, झाला होता. त्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग सहसा लवकर बाधित होतो. नव्या आठवणी घडवण्याचे काम त्याचे असल्यामुळे रुग्णाला सकाळचा चहा घेतल्याचे आठवत नाही, पण बालपणीचे अंगण लख्ख आठवते. आमच्याकडे दिवेलागण झाली की तिची घालमेल सुरू होई. “मला घरी सोडा, आई वाट बघत असेल,” असे ती काकुळतीने म्हणे. तिची आई जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, पण ते सांगण्यात काहीच अर्थ नव्हता, कारण प्रत्येक वेळी तिला ते पहिल्यांदाच कळले असते. मी चपला घाली, तिची पर्स तिच्या हातात देई आणि आम्ही सोसायटीच्या आवारात फेरी मारायला निघत असू. चालता चालता मी तिच्या माहेराविषयी विचारी. परसातली विहीर, गोठ्यातली अवखळ गाय, भावंडांत वाटून खाल्लेला फणस, शाळेला दांडी मारून पाहिलेली जत्रा हे सारे ती मला सांगू लागली. मुलांची शिक्षणे, आजारपणे आणि माझ्या बदल्या यांत ज्या गोष्टींना कधी सवडच मिळाली नव्हती, त्या मी अशा संध्याकाळी ऐकल्या. माझ्या बायकोचे बालपण मला तिच्या आजारात भेटले, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

मी तिचा नवरा आहे, हे पुढे तिच्या मनातून गेले. एकदा मी तिच्या केसांना तेल लावत असताना तिने मला विचारले, “तुम्ही फार चांगले आहात हो. तुमच्या घरी कोण कोण असते?” मी म्हणालो, “बायको असते.” कशी आहे ती, असे तिने विचारल्यावर मी तिलाच तिचे वर्णन सांगितले. ती शिक्षिका होती, हिशेबाला पक्की होती, पुरणपोळी करावी तर तिनेच आणि राग आला की दिवसभर बोलत नसे. तिने ते सगळे मन लावून ऐकले आणि म्हणाली, “एकदा घेऊन या त्यांना.” माझ्या डोळ्यांत पाणी आले हे खरे, पण ते दुःखाचेच होते असे मी आजही म्हणणार नाही. जिच्याशी मी लग्न केले त्या व्यक्तीला, इतक्या वर्षांनी, ती मला का आवडते हे मी प्रथमच सविस्तर सांगत होतो, आणि तिला ते ऐकायला आवडत होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंददायक चित्रफिती दाखवल्या. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मिनिटांतच चित्रफितींतला बहुतेक तपशील रुग्ण विसरले, पण त्यांच्या मनात उमटलेली भावना त्यानंतरही टिकून राहिली. मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही, कारण ते मी घरात पाहिले होते. कोमट पाण्याने, घाई न करता, गप्पा मारत आंघोळ घातली की आंघोळ विसरूनही तिची दुपार शांत जात असे. उलट एकदा मदतीला आलेल्या बाई तिच्यावर खेकसल्या. काय घडले ते तिला सांगता येत नव्हते, पण संध्याकाळपर्यंत ती हात अंगाशी घेऊन बसून होती. घटना निसटत होत्या, पण त्यांनी दिलेला विसावा किंवा भीती तिच्याजवळ उरत होती. तेव्हा, होय, ते तिच्यापर्यंत पोहोचत होते.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले होते. त्यांनी तिला नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हा तिने स्वतःचेच नाव सांगितले. ही नोंद असलेली कागदपत्रे १९९५ मध्ये पुन्हा सापडली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते केवळ लक्षण आहे आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण रेल्वेत कारकून असलेल्या तिच्या नवऱ्याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. इतिहासाने तिचे उत्तर जपले, मात्र ते उत्तर ऐकल्यावर तो घरी जाऊन काय करत असेल, याची नोंद कोण ठेवणार?

शेवटचे महिने अवघड होते. साडीची जागा पुढून बटणे असलेल्या गाउनने घेतली, पोळीची जागा मऊ भाताने आणि मग नाचणीच्या दाट पेजेने. गिळणे बिघडले, छातीत संसर्ग झाला आणि ती गेली. त्या काळाविषयी याहून अधिक लिहावेसे वाटत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची देखभाल घरातच होते. अशा घरांतली माणसे एकत्र येतात, त्या बैठकांना मी अजून जातो. आजाराचे निदान नुकतेच झालेल्या एका गृहस्थांच्या पत्नीने मला परवा विचारले की आतापासून काय तयारी करावी. मी त्यांना सांगितले, रात्रीच्या मदतीची सोय लवकर करा, गॅसचा मुख्य कॉक बंद ठेवण्याची सवय लावा आणि बँकेची कामे यजमानांना सही करता येते आहे तोवर उरकून घ्या. शिवाय एक वही करा. त्यांच्या गावातल्या गल्ल्या, शाळासोबती, मास्तर, आवडते पदार्थ, घरातल्या जनावरांची नावेसुद्धा त्यांनाच विचारून तीत लिहा, कारण पुढे रोज संध्याकाळी त्या गावाला तुम्हाला त्यांच्याबरोबर जावे लागेल.