फोर्ड ३०० स्ट्रेट-सिक्स: टायमिंग गिअर झालं, एक्झॉस्ट गप्प झाला, आता गंजाची पाळी

मंडळी, माझ्या १९९४ च्या फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रकचा अपडेट बरेच दिवस राहिला होता. मधे हिवाळा आला, आणि मिशिगनमधे गॅरेजला हीटर नसेल तर जानेवारीत पाना हातात धरवत नाही, त्यामुळे काम मार्चनंतरच सुरू झालं. नवीन लोकांसाठी थोडक्यात: रेग्युलर कॅब, आठ फुटी हौदा, टू व्हील ड्राइव्ह, पाच गिअरचा मॅन्युअल, आणि बोनेटखाली ४.९ लिटरचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडर, ज्याला इथली जुनी मंडळी नुसतं 'थ्री हंड्रेड' म्हणतात, कारण ३०० क्युबिक इंच.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, अरे व्ही-एट का नाही घेतलास. त्या वर्षी ५.० आणि ५.८ दोन्ही व्ही-एट मिळायचे, सेकंडहँडमधे आजही मिळतात. पण मला हेच हवं होतं आणि आता बऱ्यापैकी वापरून, उघडून, परत बसवून सांगतो की निर्णयावर मी जाम खूश आहे. कागदावर बघाल तर हसाल, साधारण १५० हॉर्सपॉवर, आजच्या बऱ्याच फॅमिली कारना याच्याहून जास्त असते. पण टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद) २६० पाउंड-फूटच्या आसपास आणि तो मिळतो २००० आरपीएमला! माझ्या ट्रकला मागचा अॅक्सल ३.५५ चा आहे (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.५५ फेरे), त्यामुळे पाचव्या गिअरमधे ताशी ६० मैलाला इंजिन बरोबर तिथेच, दोन हजारच्या आसपास फिरतं. म्हणजे हायवेला नुसतं चाललेलं असताना सुद्धा ते आपल्या सगळ्यात ताकदवान जागी बसलेलं असतं, चढ आला तर गिअर पाडायची गरज फारशी लागत नाही. ताशी ७५ ला मात्र नको, तिथे आवाज वाढतो आणि पुढे पिकअप शिल्लकच राहत नाही. ज्याला ओव्हरटेक करायची हौस आहे त्याने हे घेऊ नये, सरळ सांगतो.

हे इंजिन १९६५ ते १९९६ इतकी वर्षं बनलं. कार्ब्युरेटर गेला, १९८७ पासून फ्युएल इंजेक्शन आलं, पण खालचा लोखंडी ब्लॉक, सात मेन बेअरिंगचा क्रँक हे सगळं तसंच राहिलं. यूपीएसच्या पार्सल गाड्यांत हेच होतं, जनरेटरवर, झाडाच्या फांद्या दळायच्या मशीनवर, एअरपोर्टच्या सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर पण हेच. चार सिलिंडरला जी थरथर असते ती सरळ सहाला मुळात नसते कारण पुढचे तीन आणि मागचे तीन पिस्टन एकमेकांचं खेचणं-ढकलणं रद्द करतात, त्यासाठी वेगळा बॅलन्स शाफ्ट लागत नाही.

आता कामाचं. टायमिंग गिअर.

या इंजिनला टायमिंग चेनही नाही आणि बेल्टही नाही, क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या शाफ्टचं) गिअर थेट कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) गिअरला भिडतं. भारी वाटतं ना, पण पिकअपमधल्या इंजिनांना कॅमचं गिअर फायबरचं असायचं, आवाज कमी यावा म्हणून. तीस वर्षं तेलात तापून निघालेलं फायबर कधी दात सोडेल याचा नेम नाही, आणि सोडले की गाडी जिथे असेल तिथे उभी. काही लोक कॅम जागेवरच ठेवून जुनं गिअर ओढून काढतात आणि नवीन तापवून ठोकून बसवतात. होतं तसं, पण ठोकताना कॅम मागे सरकला तर ब्लॉकच्या मागच्या बाजूचं बूच बाहेर यायची भीती, आणि ते आलं तर गिअरबॉक्स उतरवा. म्हणून मी लांबचा रस्ता घेतला, ग्रिल, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर सगळं काढून कॅम पुढून बाहेर.

इथे या इंजिनाची खरी मजा कळते. हेड काढावं लागलंच नाही! रॉकर सैल केले, पुशरॉड वर ओढले, आणि ब्लॉकच्या बाजूला जे लांब पत्र्याचं झाकण असतं ते उघडलं की लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे तुकडे) तिथूनच हाताने निघतात. डिस्ट्रिब्युटर काढायचा, थ्रस्ट प्लेटचे बोल्ट काढायचे, आणि कॅम हळू हळू फिरवत बाहेर, बेअरिंगना ओरखडा न पडू देता. लिफ्टर ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने ठेवायचे, मी पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर टाकले होते. जुन्या गिअरचे दात खरं तर शाबूत निघाले. बायको म्हणाली मग कशाला एवढा उपद्व्याप, तर तिला म्हटलं हे बाहेर काढल्याशिवाय कळणार कसं. नवीन जोडी स्टीलची घेतली आणि त्यातलं कॅमचं गिअर कॅमवर प्रेसमधे बसवून आणलं. दोन्ही गिअरवरचे ठिपके समोरासमोर आणून बसवलं की झालं, फ्रंट कव्हरचं ऑइल सील नवीन टाकलं, आणि बाजूचं झाकण उघडलंच होतं म्हणून त्याचं गास्केट पण बदललं, तिथून तेल पाझरणं हे या वयाच्या थ्री हंड्रेडला नित्याचंच आहे.

सेल मारला, सुरू. एक बारीक 'हूंऽऽ' असा आवाज आता येतो, स्टीलच्या गिअरचा. काहींना तो आवडत नाही. मला तर ऐकतच राहावंसं वाटतं.

माझा मामा एसटीच्या वर्कशॉपला होता, आयुष्यभर टाटाची ६९७ इंजिनं उघडण्यात गेलं (सहा सिलिंडर, ९७ मिलीमीटर बोअर, म्हणून ६९७). त्याला व्हिडिओ कॉलवर कॅम बाहेर काढलेला दाखवला तर म्हणे, "अरे हे तर आपल्यासारखंच की, गिअरवर चालतंय! पण पेट्रोलवर एवढं मोठं इंजिन कशाला रे घेतलंस, डिझेल मिळत नव्हतं का तिकडे?" आता यावर काय बोलणार. अॅव्हरेज विचारला तेव्हा विषय बदलला मी. तुम्हाला सांगतो, गॅलनला १५ ते १७ मैल, लिटरला साडेसहा-सात किलोमीटर धरा, साध्या ८७ ऑक्टेनवर.

तो अॅव्हरेज मधे अजून खाली गेला होता, त्याची गोष्ट पण सांगण्यासारखी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक टिकटिक, गरम झालं की कमी. पहिला संशय सगळ्यांचा टॅपेटवर जातो. पण गरम झाल्यावर कमी होणारी टिकटिक बहुतेक वेळा एक्झॉस्टची असते, कारण लोखंड तापून फुगतं आणि फट बंद होते. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड काढले, या गाड्यांना स्कॅनर लागत नाही, बोनेटखालच्या टेस्ट कनेक्टरला एक वायरचा तुकडा लावायचा, चावी ऑन करायची आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते वहीत लिहायचं. इंजिन चालू ठेवून टेस्ट केली तर आधी तीनदा लुकलुकतो, म्हणजे कॉम्प्युटर सांगतो मी सहा सिलिंडरवाला आहे, सिलिंडरच्या निम्मे. मग खरे कोड. माझा आला १७२, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरला मिक्श्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) दिसतंय.

आता इथे गंमत अशी की मिक्श्चर पातळ नव्हतंच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (हेडला लागून असलेल्या धूर गोळा करणाऱ्या नळ्यांना) फट असली की एक्झॉस्टच्या प्रत्येक झटक्यानंतर बाहेरची हवा आत खेचली जाते, ती खाली सेन्सरपर्यंत पोचते, सेन्सर म्हणतो ऑक्सिजन फार आहे, आणि कॉम्प्युटर बिचारा भाबडेपणाने पेट्रोल वाढवत बसतो. म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय आणि कोड सांगतोय कमी जळतंय. सेन्सर बदलून काही उपयोग झाला नसता.

इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला, गास्केट पण दोन्हीला मिळून एकच, त्यामुळे एक काढायचं तर दुसरं पण काढावं लागतं. वरचा इनटेक आधी उतरवायचा, तो व्हॉल्व्ह कव्हरच्या डोक्यावरून जातो. मग खालचे बोल्ट. टोकाचे स्टड गंजून तुटलेले होते, त्यावर नट वेल्ड करून लाल असतानाच हळू फिरवले, निघाले एकदाचे. दोन्ही मॅनिफोल्ड वाकलेले होते, मशीन शॉपमधून सपाट करून आणले. आता थंडीत सुद्धा गप्प चालतंय आणि कोड १११, म्हणजे सगळं ठीक.

बाकी किरकोळ. गिअरबॉक्सच्या वर मागच्या बाजूला तीन रबरी बुचं असतात, वयाने आकसतात आणि तिथून तेल जातं, ती धातूची टाकली. यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) पडतं हे लक्षात ठेवा, मॅन्युअल आहे म्हणून जाड गिअर ऑइल ओतणारे खूप आहेत. दोन पेट्रोल टाक्यांचा डॅशबोर्डवरचा स्विच नीट चालतो, मागची टाकी संपली की पुढचीवर टाकताना उगाच विमान चालवल्यासारखं वाटतं.

वापर म्हणाल तर बागेची माती, लाकडं, शेजाऱ्यांचे फ्रीज, आणि गणपतीत आमच्या इथल्या पथकाचे ढोल. हौदा आठ फुटी असल्याने सगळे ढोल एकाच खेपेत, आणि तेवढं वजन टाकून सुद्धा सिग्नलवरून क्लच सोडताना अॅक्सिलेटरला जवळजवळ हात, सॉरी, पाय लावावा लागत नाही.

पथकातल्या एका मित्राकडे नवीन एफ-१५० आहे, २.७ इकोबूस्टवाली. ती पण सहा सिलिंडरच, पण व्ही-सिक्स आणि दोन टर्बो, ३२५ हॉर्सपॉवर आणि ४०० पाउंड-फूट, माझ्या निम्म्याहून थोड्या मोठ्या इंजिनातून दुपटीहून जास्त पॉवर. चालवली मी. खोटं कशाला बोलू, अफाट आहे, माझ्या ट्रकला ज्या चढावर घाम फुटतो तिथे तिला कळत पण नाही चढ होता म्हणून, आणि अॅव्हरेज पण माझ्याहून चांगला. तो खूश आहे, असणारच. पण बोनेट उघडलं की त्याला ब्लॉक दिसत नाही, आणि मला माझ्या इंजिनाच्या बाजूला जवळजवळ उभं राहता येतं, सहाच्या सहा प्लग एका रांगेत हाताला लागतात. दोघांचं समाधान वेगळ्या जातीचं आहे एवढंच.

आणि सरळ सहाला जुनं म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघा. शेवरलेच्या सिल्व्हेराडोत २०२० पासून ३.० लिटरचं सरळ सहाचं डिझेल मिळतंय. रॅमने २०२५ ला त्यांच्या १५०० पिकअपमधून ५.७ हेमी व्ही-एट काढून ट्विन टर्बो सरळ सहा आणलं, ४२० आणि ५४० हॉर्सपॉवरचं. मग लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २०२६ साठी हेमी परत. आकड्यात सिक्स पुढे होतं तरी. अमेरिकन माणसाला व्ही-एटचा आवाज विकत घ्यायचा असतो, इंजिन त्याच्यासोबत फुकट येतं असं माझं मत झालंय.

आता पुढचं काम, आणि इथे सल्ला पाहिजे. इंजिन अजून वीस वर्षं चालेल पण तोपर्यंत ट्रक उरेल की नाही ही शंका आहे, इथल्या रस्त्यावरच्या मिठाने मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर खाल्लेत. ते चेसिसला रिव्हेटने मारलेले असतात. ग्राइंडरने डोकं उडवून पंचने मारायचे का एअर हॅमर घ्यायचा? पेट्रोलची मागची टाकी जवळच आहे, त्यामुळे ठिणग्या उडवायच्या आधी ती उतरवणारच आहे, ते कृपया सांगू नका. नवीन हँगर ग्रेड ८ च्या बोल्टवर बसवायचे ठरलंय, फक्त भोकं रीम करून (घासून नेमक्या मापाची) घ्यावी का तशीच ठेवावी यावर कुणी स्वतः केलं असेल तर लिहा.