थंडी वाजवून घेण्याची हौस

सोलापूरची चादर देशभर जाते. कुणी आहेरात देतं, कुणी पाहुण्याला निरोप देताना हातात ठेवतं. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण खुद्द सोलापुरात आम्ही ती वर्षातले बरेच महिने पांघरतो ते पंख्याचं वारं लागू नये म्हणून. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मग गच्चीवर बादलीभर पाणी मारायचं, फरशीतून वाफ निघेपर्यंत थांबायचं आणि गाद्या टाकायच्या. त्यामुळे भाच्याने मोबाइलवर 'तलावाकाठी, झाडीत, तंबूत मुक्काम' अशी जाहिरात दाखवली तेव्हा आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, "पैसे देऊन बाहेर झोपायचं?"

मी म्हटलं, थंडी वाजेल. एवढ्यावर सगळे तयार झाले.

तलाव म्हणजे आपला हिप्परग्याचाच. कागदोपत्री एकरुख. आदिला नदीवर बांध घालून इंग्रजांनी तो बांधला, १८७१ साली पुरा झाला. तुळजापूरला जाताना एसटीच्या खिडकीतून आपण तो शेकडो वेळा पाहिलेला असतो आणि दर वेळी एकच वाक्य बोललेलं असतं, "यंदा पाणी बरंय" किंवा "यंदा पाणी नाही". तलावाकडे त्यापलीकडे बघायचं असतं हे आमच्या डोक्यातच नसतं. जानेवारीत पाणी हळूहळू मागे सरकायला लागतं, काठाला काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि त्याच्या वरच्या अंगाला बाभळी, कडुनिंब. जाहिरातीतलं जंगल ते हेच. भाचा जरा हिरमुसला. पण पुण्या-मुंबईकडच्या दाट झाडीची अपेक्षा ठेवून या जिल्ह्यात येऊच नये. आपलं जंगल म्हणजे माळ. तिकडे नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे ते माळढोकासाठी, आणि माळढोकाला झाडी नको, मोकळं गवत हवं. गुडघाभर पिवळ्या गवतातून काळवीट पळताना पाहिलं की 'जंगल म्हणजे झाडं' हा हट्ट आपोआप सुटतो.

तंबूचं तर काय सांगावं. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेपलीकडे ६५ एकरावर जे उभं राहतं ते ज्याने पाहिलं, त्याला रंगीत तंबूचं नवल वाटायचं नाही. दिंडीचा ट्रक पुढे जातो, माणसं पोचायच्या आत राहुट्या ठोकून होतात, पाऊस आलाच तर भोवती चरही खणलेला असतो. इथे आमच्या भाच्यासकट चार तरुण पोरं एक वाकणारी काठी कुठल्या भोकातून घालायची यावर वाद घालत होती. शेवटी शेतमालकाच्या बायकोने येऊन घातली.

जेवणात पनीर आणि बटाटे सळीला लावून भाजून देणार होते. दिलेही. पण जिवाला बरं वाटलं ते आगटीपाशी. जमिनीत खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्यांचा आर, त्यात ज्वारीची कोवळी कणसं. मालक भाजलेलं कणीस हातावर चोळून गरम दाणे समोर टाकत होता. तळहाताची साल निघायला पाहिजे, पण त्याचं काही होत नव्हतं. हुरडा, गूळ, शेंगाचटणी. आमच्या सासूबाईंनी सवयीने कडक भाकरीही बांधून दिल्या होत्या. मुक्कामाचं अन्न म्हणून कडक भाकरीला तोड नाही, आठवडाभर काही होत नाही तिला. फक्त दात आपले हवेत.

शेजारच्या तंबूवाल्यांनी स्पीकर लावला. अशा जागी स्पीकर आणणाऱ्यांबद्दल माझी मतं फार कडक आहेत, ती इथे छापण्याजोगी नाहीत. सुदैवाने त्याची बॅटरी लवकर संपली आणि मग पाण्यावरून एक घोगरा, नाकातला आवाज यायला लागला. पट्टकादंब. मध्य आशियातून हिमालय ओलांडून हिवाळ्यात इकडे येणारे हंस. दिवसा पाण्यावर बसतात आणि रात्री शेतात उतरून हरभरा खातात. मालकाला हिमालयाचं सांगितलं तर तो म्हणाला, "एवढ्या लांबनं आलेत, मग खायला माझाच हरभरा गावतोय व्हय?"

साडेनऊच्या सुमाराला अंधारातून एक म्हातारा आला. डोक्याला पटका, खांद्यावर काळी घोंगडी. पलीकडे तुरीच्या मोकळ्या झालेल्या रानात त्याची मेंढरं बसवली होती. भोवती वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी लावलेली, दोन कुत्री, एक घोडं. लेंडीखतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात, त्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. आम्ही घाईघाईने त्याला जागा करून दिली. मनात आलं, आता हा माणूस चांदण्यांबद्दल, वाऱ्याबद्दल काही सांगेल.

"पावनं," तो म्हणाला, "जरा मोबाइल चार्जिंगला लावता का?"

लावला. तेवढ्या वेळात त्याने तंबू चाचपून पाहिला, आत वाकून पाहिलं, भाडं विचारलं. ऐकून काहीच बोलला नाही. दिवाळी झाली की ही माणसं बिऱ्हाडासकट बाहेर पडतात आणि मृगाच्या सुमाराला गावाकडे वळतात. त्याला आमच्या एका रात्रीबद्दल काय बोलायचं असणार?

थंडी मात्र ठरल्याप्रमाणे वाजली, अगदी पैसे वसूल. आभाळ निरभ्र असलं की दिवसभराची ऊब जमिनीतून सरळ वर निघून जाते, आणि गार झालेली जड हवा उतारावरून घसरत सखल जागी येऊन साठते. तलावाचा काठ म्हणजे आसपासची सगळ्यात सखल जागा. शहरात गच्चीवर जी थंडी नुसती जाणवते ती इथे हाडात शिरते. मी मोठ्या अभिमानाने आमची जाड, मोराची चादर काढली. आजोबा गिरणीत होते, तेव्हा चादरीबद्दल आमच्या घरात कुणी वेडंवाकडं बोलत नाही. दोन वाजेपर्यंत ती छान उबदार होती. मग दव पडायला लागलं. आतून आमच्याच श्वासाची वाफ तंबूच्या कापडाला लागून थेंब थेंब खाली. सूत पाणी पितं. पहाटेपर्यंत चादर ओल्या पोत्यागत जड झाली होती आणि तिच्यातली सगळी ऊब गेली होती. भाचा शेगडी आत घ्यायची म्हणाला. त्याला दरडावून गप्प बसवलं. बंद तंबूत निखाऱ्याचा विषारी वायू कोंडतो, वास येत नाही आणि झोपेतच माणूस जातो. मग सगळे उठून विझत आलेल्या आगटीभोवती बसलो, गोवऱ्या घातल्या आणि बायकोने पहाटे पाचला उरलेला हुरडा परत गरम केला. हवेपेक्षा पाणी कोमट, त्यामुळे तलावावरून पांढरी वाफ उठत होती. दात वाजत होते आणि सगळे खूष होते. सोलापूरच्या माणसाला दात वाजण्याचा आनंद काय असतो, तो महाबळेश्वरवाल्याला कळायचा नाही.

उजाडल्यावर म्हातारा मोबाइल न्यायला आला. घोंगडीवर दवाचे मणी तसेच उभे, त्याने एकदा झटकली आणि पुन्हा खांद्यावर टाकली. आत कोरडी. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही हे मी वाचलेलं होतं, पण आमची चादर बाभळीवर वाळत पडलेली असताना ते बघणं जरा जिवावर आलं. तरी विचारलंच, "मामा, अशी कुठं मिळंल?"

त्याने मोबाइलची बॅटरी किती भरली ते आधी नीट पाहिलं.

"पंढरपुरात मिळतंय की. पर खाजतंय लई. तुमच्यानं न्हाई व्हायचं."