तात्याने शिसं खाल्लं तेव्हा

काका टॅक्सीतून उतरले ते टॉवेलात गुंडाळलेला तात्या छातीशी धरूनच. तात्या म्हणजे त्यांचा आफ्रिकन ग्रे, राखाडी अंगाचा आणि लालभडक शेपटीचा पोपट (केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला). "डॉक्टर, दांडीवर बसतच नाहीये. पिंजऱ्याच्या तळाशी पडून होता."

काका गिरगावात रंगीत काचेच्या खिडक्या घडवतात, जुन्या दुरुस्तही करतात. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये किंवा राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात अशा खिडक्या अनेकांनी पाहिल्या असतील. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात आणि सांध्यांवर कथिल-शिशाचा डाग देतात. शिसं इतकं मऊ की नखानेही ओरखडा उठतो. पोपटाची चोच ते सोडेल कशी?

आणि हा पोपट तर भलताच उपद्व्यापी. काका चहाला आत वळले की बाहेर काच फुटल्याचा खणखणाट. काका धावत येतात, तर सगळं जागच्या जागी आणि तात्या मान तिरकी करून बघतोय. खिडकीच्या नकाशाचे कागदी तुकडे कापून त्यांवर आकडे घातलेले असतात. त्यातला हवा तेवढाच एक उचलून हा कपाटावर जाऊन बसतो. काका शोधत फिरतात, "सत्तावीस कुठाय रे?" हे वाक्यही तात्याने उचललं, तेही काकांच्याच वैतागलेल्या सुरात. काका मात्र हे सांगताना नातवाचं कौतुक सांगावं तसे फुलतात.

त्या दिवशी पाय लुळे, विष्ठा हिरवी नि पाणचट, मान थरथरत होती. मी विचारण्याआधीच काकांनी खिशातून शिशाच्या पट्टीचा बोटभर तुकडा काढून टेबलावर ठेवला. कडेला चोचीच्या त्रिकोणी खुणा होत्या आणि एक टोक गायब. कात्रणं ते वितळवायला डब्यात जमवतात, हा तुकडा टेबलाखाली सापडला होता. माझं अर्धं निदान त्यांनीच केलं. एक्स-रेमध्ये दाणे दळणाऱ्या पोटात ठिपके दिसले, हाडांपेक्षाही पांढरे.

कॅल्शियम ईडीटीएचं इंजेक्शन रक्तातलं शिसं बांधून मूत्रपिंडावाटे बाहेर काढतं. पण पोटातले कण तिथेच राहिले तर विष झिरपतच राहतं, म्हणून नळीने भरवायच्या पातळ खाण्यात इसबगोल कालवला. मूत्रपिंडं सांभाळायला कातडीखाली सलाईन. संध्याकाळी तात्याला झटका आला. पंख ताठ, डोळे फिरलेले. काकांनी त्याचं डोकं तळहातावर तोलून धरलं आणि मी औषध टोचलं. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. झटका ओसरल्यावर मात्र ते मटकन खाली बसले. "वाचला तर कुणाला तरी देऊन टाकेन. माझ्या घरात याच्या जिवाला धोका आहे."

मी ठाम नाही म्हटलं. हा पक्षी नीट सांभाळला तर ४०-५० वर्षं जगतो, माणसाला जीव लावतो, आणि ताटातूट झाली की कित्येकदा स्वतःची पिसं उपटत बसतो. कुरतडणं ही त्याची गरज आहे, तिला वाईट खोड म्हणू नये. त्याला पेरूच्या फांद्या द्या, बांबू द्या, करवंट्या द्या. शिसं तेवढं कुलपात ठेवा.

काही दिवसांनी मी सिरिंज भरत असताना मागून आवाज आला, "सत्तावीस कुठाय रे?" काका रडत रडत हसले.

घरी नेण्याआधी मी कामाची जागा पाहून आलो. काकांनी तात्याच्या खोलीला जाळीचं नवंकोरं दार बसवलं होतं, पण जाळी जस्ताचा मुलामा दिलेली. जस्तही पोपटाला विषारीच. ती उतरवून स्टेनलेस स्टीलची लावून घेतली. चहा आला तेव्हा काका डाग देत होते. त्याच हातांनी त्यांनी बिस्किट उचललं, आणि मी त्यांना रक्तातलं शिसं तपासून घ्यायला सांगितलं. आयुष्यभर हे काम करून त्यांनी ती तपासणी कधीच केली नव्हती. अहवाल आला, त्यांचंही शिसं वाढलेलं निघालं. आता ते त्यांच्या डॉक्टरांकडे जातात, डाग देताना पंखा बाहेर हवा फेकेल असा लावतात, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तात्याला शेंगदाणा भरवत नाहीत.