टोकन कोणाचं?

पावसाळा तोंडावर आला होता. मुंबईत फ्लू खरा पसरतो तो पावसातच, आणि लस अंगी लागायला दोन आठवडे जातात, म्हणून लालबागच्या त्या चाळीतल्या मंडळाने जूनच्या सुरुवातीलाच शिबिर ठेवलं. ही लस सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात नाही आणि बाहेर हजाराच्या वर जाते. वर्गणीतून साठ डोस घेणं काही लहान गोष्ट नव्हती.

मी टोचायला बसले तर रांगेत पुढे सगळी ढोल-ताशावाली पोरं. टोकनं आदल्या रात्रीच वाटून झालेली.

"सिस्टर, गणपतीत गर्दीत आम्हीच असतो ना?" अध्यक्ष म्हणाले.

तसं अगदीच खोटं नव्हतं ते. पण विशीतला पोरगा चार दिवस तापाने पडतो आणि उठतो. दम्याचा, मधुमेहाचा, डायलिसिसवरचा माणूस न्यूमोनियावर जातो. २००९ च्या स्वाइन फ्लूत गरोदर बायकांचे किती हाल झाले, ते आमच्या पिढीच्या नर्सेसना सांगावं लागत नाही. मी लशींच्या थंड पेटीचं, कॅरिअरचं, झाकण लावलं आणि म्हटलं, आधी गरोदर बायका, पासष्टच्या वरचे, जुने आजार असलेले आणि पाच वर्षांखालची पोरं. उरलं तर ढोलवाले. अध्यक्ष तोंड फुगवून बसले, पण दोन पोरं स्वतःहून माळ्यांवर गेली आणि खाली न उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून घेऊन आली. त्यांचं टोकन मी मनात राखून ठेवलं.

मग सातव्या महिन्यातली एक सून आली, मागे सासूबाई. गळ्यात तुळशीची माळ.

"बाई, यात अंडं असतं म्हणे?"

खोटं बोलून सुई टोचणं मला जमत नाही. सांगितलं, बहुतेक फ्लूच्या लशी कोंबडीच्या अंड्यांतच वाढवतात. सून खाली बघू लागली. मी पुढे एवढंच म्हटलं की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईने आता घेतली तर तिच्या रक्तातून बाळाला पोटातच थोडं संरक्षण मिळतं.

"आणि घरात कोणी खोकत आलं तर?"

"तेव्हा बाळाजवळ तेवढंच असेल."

त्यांनी सुनेचा दंड स्वतःच उघडा केला. "माळ माझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही. टोचा."

"आजी, तुमचं वय?"

"अडुसष्ट. पण मला नको. विचारूही नका."

विचारलं नाही. त्यांच्या नावाचा डोस खुर्ची उचलणाऱ्या एका पोराच्या दंडात गेला. तोही सासूबाईंनीच दाखवला, "त्या हडकुळ्याला द्या" म्हणून.