सोसायटीत सॉफ्टनर आहे, तरी पाणी जड का? : माझा अनुभव

पुण्याच्या पेठांमध्ये राहणाऱ्यांना पाण्यातल्या क्षारांचा विचार करावा लागत नाही. सह्याद्रीत पडलेला पाऊस पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या धरणांत साठतो आणि शुद्ध होऊन नळाला येतो. आम्ही सदाशिव पेठेतून वाघोलीला राहायला आलो आणि ते पाणी सुटलं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण आमच्या सोसायटीला बोअरचं आणि टँकरचंच पाणी येतं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांमध्ये दीर्घकाळ मुरलेलं असतं. खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात उतरतं, यालाच जड पाणी म्हणतात.

पहिली तक्रार सासूबाईंची होती. तूरडाळ तीच, कुकर तोच, शिट्ट्या वाढवल्या तरी वरण एकजीव होईना. पाणी वर आणि डाळीचे दाणे खाली. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती मऊ होत नाही. चिमूटभर सोडा घातला की शिजते, पण रोज सोडा घालायचा नाही यावर सासूबाई ठाम होत्या आणि मलाही ते पटत होतं. मग चहावर तवंग दिसायला लागला. टॉवेल वाळल्यावर कडक व्हायचे. साबणाला फेस येईना, उलट बादलीच्या कडेला चिकट करडा थर बसायचा.

खरी कल्पना गीझर उघडला तेव्हा आली. पाणी तापायला वेळ लागत होता आणि आतून कढ आल्यासारखा खडखडाट ऐकू यायचा. प्लंबरने कॉइल बाहेर काढली, तर तिचा आकारच ओळखू येईना. पांढऱ्या-पिवळसर क्षाराचं जाड कवच तिच्यावर बसलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरल्यावर त्याचे पापुद्रे खाली पडले. प्रत्येक पापुद्र्याच्या कडेला झाडाच्या खोडात दिसतात तशा बारीक रेषा होत्या. पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं रूपांतर न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होतं. म्हणून सगळ्यात जास्त थर सगळ्यात गरम जागी बसतो. उष्णता त्या कवचातून पाण्यापर्यंत पोचत नाही, वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते.

यानंतर दारावर माणसं यायला लागली. प्रत्येकाच्या हातात टीडीएस मीटर. पेल्यात बुडवायचं, आकडा दाखवायचा आणि यंत्राची किंमत सांगायची. याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण यात लोकांचे खूप पैसे जातात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यात साधं मीठही आलं. हार्डनेस म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनर म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र. त्यातून गेलेल्या पाण्याचा टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, कारण त्यातलं कॅल्शियम जाऊन त्या जागी सोडियम येतं. म्हणजे सॉफ्टनर चालतोय की बंद आहे, हे ते मीटर सांगूच शकत नाही.

मी थेंब मोजायचा हार्डनेस टेस्ट किट आणला. नळीत ठरावीक पाणी घ्यायचं, बफर घालायचा, मग इंडिकेटर. पाणी वाइनसारखं लाल होतं. मग ईडीटीएचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणाऱ्या रसायनाचा, एकेक थेंब सोडत नळी हलवायची. लाल, जांभळट, आणि एका थेंबाला स्वच्छ निळं. जितके थेंब लागले, तितका हार्डनेस. आमच्या नळाचा आकडा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, इष्ट मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

आकडा घेऊन कमिटीकडे गेले. सेक्रेटरी काका शांतपणे म्हणाले, "अहो, आपल्याकडे सॉफ्टनर प्लांट आहे. रिपोर्टही चांगला आहे, बघा." रिपोर्ट खरा होता. त्यात हार्डनेस ७० च्या आसपास होता. मग मला तो आकडा मिळत का नव्हता?

याचं उत्तर सॅम्पल कधी घेतलं यात होतं. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात, तेच कॅल्शियम धरून सोडियम सोडतात. प्लांट चालवणारे दादा रात्री रेझिन मिठाच्या पाण्याने रिजनरेट करायचे, म्हणजे पुन्हा ताजं करायचे. लॅबचा माणूस सकाळी यायचा. मी दादांना विचारून प्लांटच्या आउटलेटवर दिवसभर टेस्ट करत गेले. सकाळी दोन-तीन थेंबांत निळं व्हायचं. दुपारनंतर थेंब वाढत जायचे आणि संध्याकाळी आउटलेटचं पाणी इनलेटइतकंच जड. रेझिनची क्षमता संपली की पाणी त्यातून नुसतं वाहतं.

कारण प्लांटच्या जुन्या कागदांत सापडलं. तो ३०० हार्डनेस धरून बसवलेला होता. उन्हाळ्यात आमच्या बोअरचा हार्डनेस जवळपास दुप्पट होतो, म्हणजे तेवढंच रेझिन निम्मंच पाणी मऊ करणार. दादांची यात काही चूक नव्हती. त्यांना हार्डनेस मोजायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांना वेळ सांगितली होती, ती ते पाळत होते.

सर्वसाधारण सभेत नवा प्लांट घ्यावा असा सूर होता. मी थेंबांचे आकडे वेळेनुसार लिहून नेले होते. खूप वाद झाला. मेंटेनन्स वाढणार म्हटल्यावर आवाज चढले. शेवटी आधी दिवसातून दोनदा रिजनरेशन, बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून रेझिन धुणं) नीट, स्वच्छ जाड मीठ आणि प्रत्येक पाळीत एक टेस्ट, एवढं करून बघायचं ठरलं. टेस्टची वही प्लांटशेजारी टांगली. मिठाचा खर्च वाढला, पण नळाचं पाणी दिवसभर १०० च्या आत राहायला लागलं. रेझिनचं वय झालंय, ते कधीतरी बदलावं लागेलच.

घरात आता साबण कमी लागतो. केस गळणं थांबलं का, असं शेजारणी विचारतात. कोरडेपणा कमी झाला एवढंच मी सांगते. गीझर वर्षातून एकदा उघडून साफ करायचा. नळांवरच्या डागांना लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून, फडकं भिजवून गुंडाळून ठेवायचं. बाथरूम साफ करायचं जहाल ॲसिड वापरलं की क्रोम जातं, आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरिन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये ते अतिशय धोकादायक आहे.

पिण्याचं वेगळं ठेवलंय. जड पाणी पिण्याने अपाय होतो असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेससाठी आरोग्याची मर्यादा ठरवलेली नाही. उलट सॉफ्टनरने १०० हार्डनेस काढला की लिटरमागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. सासऱ्यांना रक्तदाब आहे, त्यामुळे पिण्याला आणि डाळीला आरओचंच पाणी, आणि त्याचं वाया जाणारं पाणी फरशीला.

सध्या कमिटीपुढे बागेचा आणि फ्लशचा प्रश्न मांडलाय. या दोन्हींना मऊ पाणी लागत नाही, आणि सोडियमचं पाणी सतत घातलं तर माती घट्ट होऊन पाणी मुरेनासं होतं. त्यांची लाइन प्लांटच्या आधीच वेगळी काढली, तर मीठही वाचेल आणि रेझिनवरचा भारही कमी होईल. प्लंबरचं कोटेशन आलंय, पुढच्या मीटिंगला ते ठेवणार आहोत.